पन्नाशीला टेकलेय, कातळावर पहिल्यांदाच चढायचंय. पैसे भरण्याआधी काय विचारू?

शेवग्याची_शेंग

नमस्कार मंडळी. वय ४८, मुक्काम डोंबिवली, दिवसभर औषधांच्या दुकानात काउंटरमागे उभी असते. डोंगर नवे नाहीत. हरिहरच्या पायऱ्या चढलेय, कलावंतीण झालाय, कुलंगची ती न संपणारी चढण झालीय. अलंग-मदन मात्र राहिले, कारण तिथे दोराशिवाय वर जाता येत नाही. एका ग्रुपबरोबर गेलेल्या मैत्रिणीने व्हिडिओ दाखवला. त्यात वरून दोघं जण दोर खेचतायत आणि ही गोणीसारखी भिंतीला घासत वर चाललीय. वर पोचल्यावर टाळ्या. मला तसं जायचं नाही. मला चढायचंय.

म्हणून आधी एक दिवस नीट शिकावं म्हणते. व्हॉट्सॅपवर एक जाहिरात आलीय: रविवार, मुंब्र्याचे कातळ, माणशी १८०० रुपये, "रॉक क्लाइंबिंग व रॅपलिंग, सर्व साहित्य, नाश्ता, सर्टिफिकेट". फोन केला तर पलीकडचा मुलगा "मॅडम एकदम सेफ, काही टेन्शन नाही" एवढंच तीनदा म्हणाला. नवऱ्याचं म्हणणं, या वयात हाडं मोडून घ्यायला पैसे कशाला द्यायचे, ते काम घरच्या बाथरूममध्येही फुकटात होतं.

माझ्या शंका अशा. मला एकही पुलअप मारता येत नाही, चालेल का? चष्मा आहे, त्याचं काय करायचं? सगळी कॉलेजची पोरं असली तर मी खोळंबा तर नाही ना करणार? आणि जे कुणी जाहिरातीत लिहीत नाही ते: दिवसभर हार्नेस (कमरेला आणि मांड्यांना बांधायचा पट्टा) घातल्यावर बाईमाणसाने लघवीला कुठे आणि कसं जायचं?

---

टपरीवरचा_चहा

खोळंब्याची काळजी तुम्ही नका करू, तो आयोजकच करतो. मागच्या हिवाळ्यात लोणावळ्याच्या बाजूला असाच एक "क्लाइंबिंग डे" केला. दोन बसगाड्या भरून माणसं आणि कड्यावर लावलेला दोर एक. सकाळी नऊला रांगेत उभा राहिलो, दुपारी जेवणाच्या आधी नंबर लागला. तोही खाली उतरायचा. चढणं म्हणजे पायवाटेने कड्याच्या माथ्यावर जाणं. एकदा उतरलो, फोटो काढला, मिसळ खाल्ली, घरी. सर्टिफिकेटवर नाव चुकीचं.

रॅपलिंग, म्हणजे दोराने खाली उतरणं, हे क्लाइंबिंग नव्हे एवढं आधी पक्कं करून घ्या. दोन्ही एका ओळीत लिहिलं की समजायचं, पहिलं नावाला आहे.

---

जुना_फिटर

ताई, गोदीत फिटर होतो, निवृत्त झालो. तरुणपणापासून रविवारी मुंब्र्याला किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कात कान्हेरीकडच्या कातळांवर. हल्ली स्वतः कमी चढतो, नव्या पोरांचे दोर जास्त धरतो. म्हणून जरा सविस्तर लिहितो, कंटाळा आला तर सोडून द्या.

तुमचा पुलअपचा प्रश्न आधी मोडीत काढू. पहिल्या दिवशी जो कातळ देतात तो उभा भासला तरी थोडा मागे कललेला असतो, आणि त्यावर वजन पायांवर पेलायचं असतं. हात फक्त तोल सांभाळायला. पुलअपवाले पोरगे पहिल्या दहा फुटांत हातांनी ओढत जातात आणि अर्ध्यावर त्यांची मनगटापासून कोपरापर्यंत लाकडं होतात, बोटं मिटेनात. बायका पायांकडे बघतात म्हणून पहिल्या दिवशी बऱ्याचदा पुढे जातात. हे तुमची समजूत काढायला सांगत नाही, दोर धरून खालून पाहिलेलं सांगतोय.

आता त्या मुलाला परत फोन करा. "सेफ आहे का" असं विचारू नका, त्याला उत्तर एकच असतं. विचारा, माणसं किती आणि दोर किती? आठ माणसांना दोन दोर असतील तर दिवसभरात प्रत्येकाला पोटभर चढायला मिळतं. पंचवीस माणसांना एक असेल तर वरच्या टपरीवाल्या भाऊंची मिसळ आहेच. मग विचारा, दोर वरून असणार ना? नवख्याला नेहमी वरून दोर. म्हणजे कातळाच्या माथ्यावर निदान दोन वेगवेगळे बोल्ट (दगडात भोक पाडून ठोकलेले खिळे), किंवा तितकीच भक्कम दुसरी सोय, त्यातून दोर खाली सोडलेला, एक टोक तुमच्या हार्नेसला, दुसरं खाली बिले देणाऱ्याच्या, म्हणजे तुमचा दोर धरणाऱ्याच्या, यंत्रातून. तुम्ही जसजशा वर जाल तसतसा तो दोर ओढून घेतो. हात सुटला तर तुम्ही आहात तिथेच लोंबकळता, फार तर थोड्या खाली. एक बोल्ट निसटला तरी दुसऱ्यावर सगळं उभं राहिलं पाहिजे, म्हणून दोन. झुडपाला बांधलेला दोर दिसला तर नमस्कार करून परतीची लोकल पकडा.

तिसरा प्रश्न माझ्या मते सगळ्यात मोठा: दोर धरायला शिकवता का? चढायला सगळेच शिकवतात. "डावा पाय वर घ्या, शाब्बास" म्हणायला काय लागतं. पण तुमचा जीव खालच्या माणसाच्या हातात असतो, आणि तो काय करतोय हे कळल्याशिवाय वर तुमचा विश्वास बसणार नाही, मग पाय कापणार. जो आयोजक सकाळचा पहिला तास गाठ आणि बिले यांवर घालवतो, नंतर तुमच्या हातात दोर देऊन स्वतः मागे शेपटाचा दोर, म्हणजे तुमच्या यंत्रातून मागे निघणारा पदर, धरून उभा राहतो, तो शिकवणारा. बाकीचे जत्रेतला पाळणा फिरवणारे.

सामान डोळ्यांखालून घाला. कुणी हसलं तर हसू दे. हेल्मेटला हनुवटीचा पट्टा हवा आणि आत गिर्यारोहणाच्या मानकाचा शिक्का हवा, बांधकामावरचं पिवळं टोपडं चालणार नाही. कॅरॅबिनरच्या, म्हणजे दोर अडकवायच्या धातूच्या कडीच्या, अंगावर किलोन्यूटनचे (ती किती जोर सोसते त्याचे) आकडे कोरलेले असतात. लांबीच्या दिशेने २० किंवा जास्त असायला हवेत. आकडेच नसतील तर ती किल्ल्या अडकवायची कडी समजा. दोर चिमटीत धरून हातभर सरकवून बघा: कुठे मऊ पडलाय, चपटा झालाय, आतला पांढरा गाभा डोकावतोय का. नायलॉनला वय असतं. बनवणारे साधारण १० वर्षांपलीकडे वापरू नका म्हणतात, आणि दर रविवारी नवख्यांच्या हाताखाली घासला जाणारा दोर त्याच्या कितीतरी आधी बाद होतो. हार्नेसचा पट्टा बकलमधून उलटा ओवून घ्यायचा प्रकार असेल तर ओवलाय का ते स्वतः बघा. नवीन बकलं आपोआप अडकतात, पण बघायची सवय ठेवा. गाठ फिगर ऑफ एट, इंग्रजी आठच्या आकड्यासारखी. ती तुम्ही बांधायची, दुसऱ्याने तपासायची, आणि त्याचं बिलेचं यंत्र तुम्ही तपासायचं. कितीही मुरलेला माणूस असो, हे प्रत्येक वेळी.

राज्य सरकारचं २०२१ सालचं साहसी पर्यटनाचं धोरण आहे, त्यात आयोजकाने पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. नोंदणी आहे का, विमा आहे का, प्रथमोपचार शिकलेलं कोण येणार, हे विचारून ठेवा. पण कागद असला म्हणून दोर चांगला धरतात असं नाही, म्हणून कागद शेवटी.

आपल्या दगडाबद्दल दोन शब्द. सह्याद्रीचा काळा बेसाल्ट म्हणजे लाव्हाचे थर एकावर एक, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे. भरीव थर लोखंडासारखा असतो. मधले काही थर जाळीदार, भोकाभोकांचे, त्यांत पांढरे चमकणारे खडे बसलेले. तो खडा धरायला छान वाटतो, पण कधी कधी दातासारखा हलतो. आणि दोन थरांमधली तांबडी माती तर हात लावायच्या लायकीची नसते. म्हणून धरण्याआधी तळव्याने थोपटायचं. भरीव वाजला तर धरा, पोकळ वाजला तर सोडा. दगड सुटलाच तर जोरात "दगड!" ओरडायचं, आणि खाली असाल तर वर बघायचं नाही, भिंतीला चिकटायचं.

आग्यामोहोळ. सेंट, अत्तर, सुवासिक तेल काही लावून येऊ नका. कड्याच्या पोटाला काळे पोळे लटकत असतील तर तिथे आवाज नाही, धूर नाही, शक्यतो तो कातळच नाही. शिकवणारा आल्या आल्या मान वर करून पोळी बघतो का, यावरून मी माणूस ओळखतो.

अंगठ्या घरी ठेवा. कपारीत बोट अडकलं आणि वजन आलं तर अंगठी बोटाची साल काढते. मंगळसूत्र, बांगड्याही घरीच. केस घट्ट बांधा, ओढणी नको. रॅपलिंगच्या यंत्रात केस किंवा ओढणी ओढली गेली की सोडवता सोडवता सगळ्यांचा घाम निघतो.

लघवीबद्दल बरं झालं विचारलंत. दिवसभर हार्नेस घालून बसायचं कारणच नाही. तुमचा चढायचा नंबर झाला की काढायचा, पुढच्या वेळी परत घालून परत तपासायचा. जागेचं म्हणाल तर कातळापाशी काही सोय नसते. आयोजकाला स्पष्ट विचारा, आणि बरोबर दुसऱ्या बायका आहेत का तेही. चाचरला तर कळेल की त्याने कधी विचारच केलेला नाही.

---

कावेरीकाठी

मूळची साताऱ्याची, आता बंगळुरात. इथे आम्ही रामनगरला ग्रॅनाइटवर जातो. तुमच्यासारख्या खाचा नसतातच, नुसता गुळगुळीत कललेला दगड आणि बुटाच्या रबरावर विश्वास. सुट्टीत बदामीला लाल वालुकाश्म. तिथे खाचा भरपूर, बोल्ट मारलेले मार्गही पुष्कळ, फक्त पावसाने दगड ओला असेल तर हात लावायचा नाही, ओल्याने तो ठिसूळ होतो.

फिटरकाकांशी सहमत. माझी भर पायांबद्दल. ट्रेकला आपण पाऊल पुरं टेकवतो, ती सवय इथे सोडायची. बुटाचं टोक, अंगठ्याच्या बाजूने, खाचेत ठेवायचं आणि ठेवल्यावर हलवायचं नाही. उभं राहून पाय लटलटायला लागला तर टाच थोडी खाली सोडा, पोटरी सैल पडते आणि थरथर थांबते. गुडघा टेकवून चढू नका. वर गेल्यासारखं वाटतं, पण गुडघ्यावरून उठता येत नाही.

आणि भीती जायची असेल तर पहिल्याच चढाईत पाच-सहा फुटांवर जाऊन "टेक" (दोर ओढून धर) म्हणा आणि हात सोडून द्या. दोर धरतो हे अंगाला कळलं की पुढचा दिवस वेगळाच.

---

जुना_फिटर

कावेरीताई, सोडून बघायचं ते बरोबर, उंचीला माझा विरोध. क्लाइंबिंगचा दोर मुद्दाम ताणणारा केलेला असतो, झटका जिरवायला. साठ फुटी कातळ असेल तर वर जाऊन परत खाली येणारा दोर शंभर फुटांच्या वर झाला, त्यावर माणसाचं वजन आलं की तो काही फूट सहज लांबतो. पाच फुटांवरून सोडलंत तर ढुंगण जमिनीला टेकेल. घोटा मुरगळायला तेवढं पुरतं. बारा-पंधरा फुटांवर जा, "रोप टाइट" सांगा, दोर तट्ट झाल्याचं हार्नेसमध्ये जाणवू दे, मग आधी खुर्चीत बसल्यासारखं बसा आणि मग हात सोडा. पाय भिंतीवर, गुडघे सैल.

याच कारणाने पहिल्या काही फुटांत चांगला बिलेवाला दोर जास्त कडक ठेवतो आणि गप्पा मारत नाही.

---

कावेरीकाठी

मान्य. आमचे मार्ग आखूड असतात म्हणून लक्षात आलं नाही. बारा फूट.

---

दुखरा_खांदा

फिजिओथेरपिस्ट आहे. शेंगताई, या वयात हाडांपेक्षा बोटांचे कंडरे (स्नायू हाडाला जोडणारे दोर) आणि खांदे जपायचे. स्नायू काही आठवड्यांत तयार होतात, कंडऱ्यांना त्याहून पुष्कळ वेळ लागतो. त्यामुळे जोर वाढला म्हणून दोन बोटांवर लटकायला जाऊ नका. कोपर पूर्ण वाकवून धरून राहण्यापेक्षा हात सरळ ठेवून लोंबा, दमणूक कमी होते. पाळी थांबायच्या वयात हाडांची घनता एकदा तपासून घेतलेली बरी, ती क्लाइंबिंगसाठी नव्हे, एरवीही. खांदा फ्रोझन होऊन गेला असेल तर शिकवणाऱ्याला आधी सांगा.

चष्म्याला मागून दोरी लावा. बायफोकल असेल तर सांभाळून: खाली पायाकडे बघताना वाचायच्या भागातून बघितलं की खाच असते एकीकडे आणि पाय पडतो दुसरीकडे.

---

शेवग्याची_शेंग

सगळ्यांचे आभार. जाऊन आले, म्हणून लिहिते.

त्या पहिल्या मुलाला फिटरकाकांचे प्रश्न विचारले. माणसं किती म्हटल्यावर "मॅडम, तीस-पस्तीस होतील, मजा येईल" आणि दोर किती म्हटल्यावर "ते स्पॉटवर बघून ठरवतात". बोलणं संपलं. मग एका जुन्या क्लबच्या मंडळींना गाठलं. त्यांचं उत्तर उलट होतं: आम्ही आठच घेतो, दोन दोर, साडेसहाला मुंब्रा स्टेशनवर, कारण अकरानंतर दगड तापतो. सर्टिफिकेट देत नाही. शिकवणाऱ्यांत एक बाई होत्या. सोयीचं विचारलं तर त्यांनी आडोसा कुठे, पाणी किती आणायचं, सगळं न लाजता सांगितलं. तिथेच अर्धी धास्ती गेली.

सकाळी स्लो लोकलने मुंब्रा, तिथून डोंगराकडे चढण. आल्या आल्या त्या बाईंनी मान वर करून कड्याकडे बघितलं, मला हसूच आलं. पोळी नव्हती.

पहिला तास खरंच गाठीवर गेला. बांध, सोड, परत बांध. माझी गाठ दिसायला बरोबर पण दोन पदर एकमेकांवर चढलेले. "अशीही धरेल," बाई म्हणाल्या, "पण तपासणाऱ्याला एका नजरेत कळली पाहिजे." दुकानात प्रिस्क्रिप्शनचं अक्षर लावत बसणाऱ्या बाईला हे लगेच पटलं.

कातळ असेल चाळीसेक फुटांचा. बारा फुटांवर जाऊन, दोर तट्ट करून, बसले. हात सोडायला मात्र वेळ लागला. डावा सुटला, उजवा सुटेना. बोटं माझी होती पण ऐकत नव्हती. खालून कुणी घाई केली नाही. शेवटी सुटला, आणि मी नुसती तिथे, भिंतीला पाय लावून बसलेली. दगड नाकासमोर. त्यात काकांनी सांगितलेले पांढरे खडे, काही तांदळाएवढे, आणि एका भोकात मुंग्यांची ये-जा चाललेली.

अर्ध्याच्या वर एक जागा अडली. वर हात पुरेना, हाताला काही लागेना. मी वरच चाचपत होते. खालून आवाज: "ताई, वर काही नाहीये. पायाकडे बघा." डाव्या गुडघ्याच्या बाजूला कंगोरा होता, इंचभर रुंद, इतका वेळ दिसलाच नव्हता. बायफोकल नव्हे हो, तो घरी ठेवून जुना दूरचा चष्मा नेला होता. त्यावर बुटाचं टोक ठेवलं, उभी राहिले, आणि मगाशी हाताला न लागणारी खाच माझ्या नाकाशी आली. कुणी ओढलं नाही. दोर सैल होता हे मी मुद्दाम बघितलं.

पण सगळ्यात जास्त शिकले ते खाली. दुपारी माझ्या हातात दोर दिला. वर एक इंजिनिअरिंगचा मुलगा, ऐंशी किलोचा तरी असेल, मी छप्पन्न. मला मागे जमिनीतल्या बोल्टला बांधलेलं, बाईंनी शेपटाचा दोर धरलेला. तो "टेक" म्हणून बसला तशी मी चवड्यांवर उचलली गेले, मागचा पट्टा ताणला आणि थांबले. यंत्राखालचा हात खाली दाबून धरलेला. तो वरून ओरडला, "मावशी, धरलंय ना?" म्हटलं, "धरलंय." आवाज माझा नेहमीचाच निघाला, याचं मलाच नवल वाटलं. त्यानंतर स्वतः वर गेले तेव्हा पाय कापले नाहीत, कारण खाली काय चाललंय ते माहीत होतं.

रॅपलिंग शेवटी एकदा झालं. ठीक आहे. कड्याच्या काठावर मागे झुकायचा क्षण भयंकर, पुढे विशेष काही नाही.

दुसऱ्या दिवशी बोटांची टोकं इतकी हुळहुळी की गोळ्यांची पाकिटं फोडता येईनात. गिऱ्हाइकांनी विचारलं, काय झालं. नवऱ्याने परस्पर सगळ्या बिल्डिंगला सांगितलंय, अभिमानाने, जणू त्यानेच पाठवलं होतं.

आता प्रश्न. क्लबचे बूट इतके घट्ट होते की अंगठे मुडपून बसले, दर वेळी खाली आले की काढून टाकत होते. बाकीच्यांचंही तेच. हे असंच असतं की माझा नंबर चुकला? स्वतःचे घ्यावेत का? आणि अलंग-मदनला या हिवाळ्यात जाता येईल का?

---

जुना_फिटर

वा ताई! ऐंशी किलो धरलेत म्हणजे झालं.

बूट घट्ट हवेत, अंगठा पुढे टेकलेला आणि जरासा वाकलेला. दुखून डोळ्यांत पाणी यायला नको. पुढच्या वेळी मोजे न घालता अर्धा नंबर मोठा मागा. विकत एवढ्यात घेऊ नका, पाय काही महिन्यांत ठरवतो त्याला काय हवं ते. आम्ही पहिली कितीतरी वर्षं अॅक्शनच्या ट्रेकिंगच्या बुटांवर काढली, अलंगला जाल तेव्हा तुमच्याही पायात तेच असतील, म्हणून त्यांवरही सराव करा.

मदनचं सांगतो. तिथला टप्पा तुम्ही रविवारी चढलात त्याहून अवघड नाही, पण पायाखाली दरी उघडी आहे आणि पाठीवर पिशवी असते. म्हणून आधी पिशवीत चार लिटर पाणी घालून मुंब्र्याच्या त्याच कातळावर चढा. शिवाय तिथे चढून गेल्यावर तेच उतरायचंही असतं, म्हणून नावडलं तरी रॅपलिंग पक्कं करा. जानेवारीत जमेल. जाताना दोन प्रश्न विसरू नका: माणसं किती, दोर किती.

---

टपरीवरचा_चहा

त्या क्लबचं पुढचं कधी आहे? माझंही नाव घाला. नाश्त्याचं काय असतं तिथे?

---

शेवग्याची_शेंग

व्यक्तिगत निरोप करते. नाश्ता आपापला. मी थालीपीठ नेलं होतं, आठ जणांत संपलं, तेव्हा जास्त आणा.